तिसऱ्या पुकाराची कंपनी

गेल्या उन्हाळ्यात इंडियानापोलिसहून एक गृहस्थ आमच्या गावी 'युद्ध आणि नेतृत्व' या विषयावर व्याख्यान द्यायला आले होते. युद्ध संपलं तेव्हा ते पाळण्यात असतील, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. नेत्याचा आवाज कसा असावा, नजर कशी असावी, संकटात त्याचा चेहरा कसा दिसावा, सगळं त्यांनी सांगितलं. आम्ही लढाईवरून आलेले म्हातारे मानाने पुढच्या बाकावर बसवलेले होतो, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती. शेजारी बसलेला ईनॉक थ्रॉप माझ्या कानाशी लागला. "ज्युबल, आपला कॅप्टन पहिल्याच दिवशी स्वतःच्या तलवारीत पाय अडकून पडला होता, हे याला सांगू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "पाहुणा आहे. जेवायचा आहे अजून."

त्याला नाही सांगितलं ते इथे सांगतो.

अठराशे एकसष्ट साली अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली, सरकारने स्वयंसेवक मागितले, आणि आमच्या फॅलो क्रीकमधले बहुतेक सगळे धडधाकट पुरुष गवताच्या वखारीपुढे गोळा झाले. स्वयंसेवकांची तेव्हा रीत अशी होती की शंभरेक माणसांच्या तुकडीचा, म्हणजे कंपनीचा, कॅप्टन त्या कंपनीनेच मतं देऊन निवडायचा. ज्याच्या हुकमावर मरायचं तो माणूस निदान आपल्या पसंतीचा असावा, असा त्यामागे विचार. उमेदवार दोन होते. एक जज्जसाहेबांचा मुलगा वॉरन पेल. तो वर्षभर लष्करी शाळेत राहून आला होता आणि तेव्हापासून नाकाने कांदे सोलत होता. दुसरा होजिया प्लँक. तो लिलाव पुकारायचा. कुणाचं शेत मोडलं, कुणाचा बाप गेला, कुणी गाव सोडून पश्चिमेला निघालं, की होजिया गाडीवर उभा राहून त्यांच्या गाई, खुर्च्या, कढया विकायचा. पोट सुटलेलं, डोक्यावर टक्कल, पण आवाज असा की चर्चपाशी बोलला तर गिरणीवर ऐकू यावं.

पेलसाठी टोपीत मक्याचा दाणा टाकायचा आणि प्लँकसाठी घेवड्याचा. टोपी उलटी केली तर खाली घेवडाच घेवडा. होजियाच्या अंगी काही गुण दिसले म्हणून नव्हे. पेलचा हुकूम ऐकायला लागू नये म्हणून आणि होजियाशी वाद घालता येतो म्हणून. गावात प्रत्येकाने त्याच्याशी कधी ना कधी घासाघीस केलेली होती आणि प्रत्येकाला वाटायचं की आपण जिंकलो.

आता कवायतीचं होजियाला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने कवायतीचं पुस्तक मिळवलं. उद्या शिकवायचं पान तो आज वाचायचा, आणि एका फळीवर घेवड्याचे दाणे मांडून आम्हाला इकडून तिकडे वळवून बघायचा. फळीवर आम्ही फार शहाण्यासारखे वळायचो. मैदानावर मात्र घोडं पेंड खायचं. एक तर अर्ध्या लोकांना डावं-उजवं कळत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. होजियाने "कंपनी, पुढे चल" म्हटलं की कुणी हलायचंच नाही.

त्यात बंडखोरी नव्हती. सवय होती. फॅलो क्रीकमध्ये लिलावाच्या पहिल्या पुकाराला जो हात वर करतो त्याला मूर्ख समजतात. दुसऱ्याला शहाणा माणूस इकडे तिकडे बघतो. तिसऱ्याला काय ते ठरवतो. तो आवाज ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो होतो. तो घुमला की आमचे पाय आपोआप तिसऱ्या पुकाराची वाट बघायचे. बिचाऱ्या होजियालाही तीच सवय. "कंपनी, पुढे चल!" मग जरा थांबून, "पुढे चल, म्हणतोय." मग, "आता चला की रे." आणि या तिसऱ्याला सगळी कंपनी एकदम पाऊल उचलायची. दुसऱ्या कंपन्यांनी आमचं नावच 'तिसरा पुकार' ठेवलं.

त्यात ईनॉक थ्रॉप. हा गिरणीवाला. चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या प्रार्थनेलाही दुरुस्ती सुचवणारा माणूस. कुठलाही हुकूम आला की तो रांगेतून विचारायचा, "होजिया, पण का?" आणि होजियाने कारण सांगितलं की म्हणायचा, "मग मत घेऊ या." कुठे तंबू ठोकायचे यावर मत, डाळ की घेवडा यावर मत. एकदा कुठल्याशा जनरलसमोर संचलन होतं. वाटेत पाण्याने भरलेला चर आला. आमची कंपनी चराच्या काठावर थांबली आणि चरातून जायचं की वळसा घालून, यावर ईनॉकने मत मागितलं. हात वर झाले, मोजले गेले. जनरलसाहेब घोड्यावर बसून वाट बघत होते. वळसा मंजूर झाला.

त्या दुपारी आमच्या पलटणीच्या कर्नल बेक्विथनी होजियाला तंबूत बोलावलं. बेक्विथ कायम फौजेतला माणूस, ताठ, कमी बोलणारा. मी नेमका तंबूच्या दाराशी पहाऱ्यावर होतो, आणि कापडाला भिंत समजायची चूक मोठे लोकच करतात.

"कॅप्टन प्लँक, तुम्ही फौज चालवता की ग्रामसभा?"

"कर्नलसाहेब, माणसं चांगली आहेत. त्यांना फक्त कारण कळलं की—"

"गोळी कारण सांगून येत नाही. आता नीट ऐका. यापुढे तुमच्या कंपनीने एका हुकमावर जरी मत घेतलं, तर तुम्हाला घरी पाठवीन आणि ही माणसं दुसऱ्या कंपन्यांमध्ये वाटून टाकीन. माझ्याकडे तिसरा पुकार नसतो."

होजिया बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्यावर कपडे धूत होतो. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि सदरा पिळता पिळता म्हणाला, "ऐकलंस ना सगळं?"

"कापडच होतं," मी म्हणालो.

"ज्युबल, मी उभा जन्म लोकांचे मोडलेले संसार विकले. दारात गाडी लावली की बायका दार लावून घ्यायच्या. माझी बायको केझाया म्हणते, तू कावळ्यासारखा आहेस, कुणी मेलं की येतोस. तिचं बरोबर आहे. गावाने मला आपणहून काही दिलं असं ही कंपनी सोडून काही नाही. तुम्ही पेलला टाळायला दिलीत, तेही मला माहीत आहे. पण दिलीत. ती माझ्या हातून जाऊ नये रे."

मला त्याची फार दया आली. आणि थोडी लाजही वाटली, कारण चराच्या काठावर माझाही हात वर होता.

मी ही गोष्ट सगळ्यांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकोटीभोवती सभा भरली. आपल्या कंपनीचे तुकडे होऊन शेजारच्या ओहायो राज्यातल्या लोकांच्या हाताखाली जायचं, ही कल्पना कुणालाच सोसली नाही. तेव्हा मत घेणं बंद करावं, असा ठराव मांडण्यात आला आणि त्यावर मत घेण्यात आलं. ईनॉकने विरोधात हात वर केला. एकट्यानेच. "तत्त्व म्हणून," तो म्हणाला. "हरलो तरी पाळीन."

होजियाने त्यातून तोडगा काढला. रोज सकाळी कॉफीच्या वेळेला तो आमच्यात येऊन बसायचा आणि आजचे हुकूम काय, ते कुणी दिले, का दिले, हे सांगून टाकायचा. कडक बिस्किटं कॉफीत भिजेपर्यंत भांडायची मुभा. त्यात पुष्कळ वेळ जायचा, कारण ती बिस्किटं कौलांइतकी टणक होती. एकदा आम्ही शौचखड्डे ओढ्यापासून इतके लांब का, यावरून त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "जवळ खणा. मग पेलच्या कंपनीसारखे रोज चारजण गाडीत घालून दवाखान्यात न्या." पेल तोवर दुसऱ्या कंपनीत लेफ्टनंट झाला होता आणि त्याच्या खड्ड्यांपर्यंत घाईच्या वेळी पोचणं सोपं होतं. आम्ही लांब खणले. कॉफी संपली की मात्र वाद बंद. हुकूम एकदा, पाऊल एकदा. होजिया जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचा, आणि लांब चाल झाली की एकेकाचे बूट काढायला लावून पाय बघायचा, नाल ठोकायला आणलेल्या घोड्याचे बघावेत तसे. कर्नल लांबून बघायचे आणि बोलायचे नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच.

मग वसंतात टेनेसीत एका जंगलाच्या कडेला आमची खरी गाठ पडली. आमच्या तोफा मागच्या रस्त्यावर चिखलात रुतल्या होत्या आणि समोरून दक्षिणेचे लोक झाडांमधून येत होते. होजिया रांगेपुढून वाकत वाकत गेला आणि प्रत्येकाला तेच सांगत गेला, "हे कुंपण धरायचं. मागे तोफा निघेपर्यंत. त्या निघाल्या की आपण निघालो." बास. कुणी 'का' विचारलं नाही, कारण सांगून झालं होतं. आम्ही कुंपणाच्या लाकडांआड पडून राहिलो. माझ्या बंदुकीची नळी इतकी तापली की हात लावता येईना. मला भीती वाटत होती आणि ती लपवायला सुचतही नव्हतं. डावीकडची पेलची कंपनी उठून पळाली. पेल बिचारा "थांबा" म्हणून बोंबलत होता आणि त्याची माणसं त्याला वळसा घालून जात होती. आम्ही राहिलो.

दुपार कलताना मागून कर्नलचा निरोप्या आला. तोफा निघाल्या, ताबडतोब रस्त्यावर या. आणि तेवढ्यात होजिया खाली बसला. बसला म्हणजे गुडघाच राहिला नव्हता. दक्षिणेचे लोक कुंपणापुढच्या मक्याच्या शेताच्या अर्ध्यात आले होते.

त्याने कुंपणाला पाठ टेकली. चेहरा पिठासारखा पांढरा. आणि तो आवाज, सबंध शेतावर ऐकू जाईल असा, "कंपनी! मला इथेच ठेवा. मागे फिर! रस्त्याकडे, धावत चल!" पुस्तकात जसा लिहिला आहे तसा, एकदाच. त्याच्या सगळ्या नोकरीत इतका स्वच्छ हुकूम त्याने दिला नव्हता.

कुणी हललं नाही.

"सभापती," ईनॉक थ्रॉप म्हणाला. शपथेवर सांगतो, तो 'सभापती'च म्हणाला. "ठराव मांडतो. कॅप्टनला घेऊन जायचं."

"ईनॉक, गाढवा, आत्ता नाही," होजिया म्हणाला. "कर्नल कंपनी मोडतील."

"विरोधात कोण?"

होजियाने हात वर केला. गोळ्या डोक्यावरून चालल्या होत्या, तरी त्याने हात पूर्ण वर केला.

"एक," ईनॉक म्हणाला. "मंजूर. उचला रे."

आम्ही कुंपणाचे दोन दांडे काढले, त्यात घोंगडी अडकवली आणि होजियाला घालून निघालो. तो वाटभर आम्हाला शिव्या देत होता. लिलाव करणाऱ्याकडे शिव्यांचा साठा मोठा असतो. रस्ता समोर दिसत असताना पुढचा डावा खांदा देणारा लोरेन मीकर पडला. पाठीत गोळी. त्याच्या जागी मी गेलो. त्याला आम्ही परत फिरून आणलं, पण तो केव्हाच गेला होता.

होजियाचा पाय मांडीपासून काढला. कर्नल दवाखान्याच्या तंबूत आले तेव्हा आम्ही चार-पाचजण खाटेजवळ होतो. त्यांनी टोपी काढली, होजियाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"तुम्ही हुकूम मोडलात."

"हो, साहेब," ईनॉक म्हणाला.

"एका जखमी माणसासाठी तुम्ही एक धडधाकट माणूस घालवलात. हा असला हिशेब कुठे शिकवतात?"

"आमच्या गावात, साहेब."

कर्नल चिडले नाहीत. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं. ते होजियाला म्हणाले, "कॅप्टन, त्या कुंपणावर तुमची माणसं का टिकली ते मला कळलंय. आणि तुमच्यानंतर ती कुणाचंच ऐकणार नाहीत, हेही कळलंय. मी कंपनी मोडणार नाही. पण कॅप्टन मी देणार, ती निवडणार नाहीत."

होजियाने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. कंपनी राहिली होती, त्याची राहिली नव्हती. मीकरचं नाव त्याने कुणापाशी काढलं नाही आणि आम्हीही नाही.

नवा कॅप्टन आला तो ज्युलियस फेन. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकून आलेला, तेविशीचा, देखणा. आम्ही त्याचा तिरस्कार करायची सगळी तयारी करून ठेवली होती, पण त्याने संधी दिली नाही. शूर होता, न्यायी होता, दारू पीत नसे, कुणाला उगाच बोलत नसे. हुकूम द्यायचा एकदा. सकाळची कॉफी तो आपल्या तंबूत एकटा प्यायचा. पहिल्या आठवड्यात ईनॉकने रांगेतून विचारलं, "कॅप्टन, पण का?" फेनने त्याला दिवसभर खांद्यावर ओंडका घेऊन फिरवलं. दुसऱ्या वेळी परत ओंडका. तिसऱ्या वेळी ईनॉकने विचारलं नाही. पुढे फेननेच त्याला सार्जंट केलं आणि ईनॉक रांगेत कुजबुजणाऱ्यांना ओंडके द्यायला लागला.

आम्ही चांगले झालो. खोटं कशाला बोलू, फार चांगले झालो. पहिल्या शब्दाला शंभर पावलं एकदम पडायची. ती ऐकायला मलाही आवडायचं. जनरल लोक आम्हाला बघायला यायचे. 'तिसरा पुकार' हे नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. फेनला आमचा अभिमान होता आणि दुसऱ्या वर्षी आम्हालाही त्याचा वाटायला लागला होता.

चौसष्टच्या उन्हाळ्यात जॉर्जियात एका टेकडीच्या उतारावर आम्ही वर चढत होतो आणि वरून फारच मार आला. फेनला पोटात लागली. तो एका ओकच्या झाडाखाली पडला, पण शुद्धीवर होता. त्याने खाली रस्त्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "मला ठेवा. कंपनी, मागे फिर. रस्त्याकडे."

आम्ही मागे फिरलो. शंभर नाहीत, उरलो होतो तेवढे, पण पाऊल एकदम पडलं. रांग मोडली नाही. वाटेत कुणाला लागलंही नाही. दुसऱ्या दिवशी टेकडी आमच्या ताब्यात आली तेव्हा तो झाडापासून बऱ्याच खाली सापडला. सरपटत रस्त्याच्या दिशेने आला होता. कर्नलनी पलटणीसमोर आमची तारीफ केली. अशी शिस्तबद्ध माघार त्यांनी पाहिली नव्हती.

मुदत भरल्यावर गावी आलो तेव्हा पहिल्याच शनिवारी गुरांच्या बाजारात गेलो. होजिया गाडीवर लाकडी पायावर उभा राहून कुणाची तरी गाय विकत होता. आवाज तसाच. गर्दीत मीकरची आई नव्हती. होजियाच्या लिलावाला ती कधीच येत नसे, आणि तो समोरून आला तर रस्ता ओलांडायची. बाजार उठल्यावर तो गाडीच्या कडेला बसला, मला भाजलेल्या मक्याचं अर्धं कणीस दिलं, आणि सगळ्यांची चौकशी केली. कुणाचं लग्न झालं, कुणाचे पाय अजून फुटतात. मग म्हणाला, "नवा कॅप्टन कसा होता? पत्रात सगळे चांगला म्हणायचे."

"चांगला होता," मी म्हणालो. आणि टेकडीची गोष्ट सांगितली. झाडाखाली पडला तिथपासून खाली सापडला तिथपर्यंत.

होजिया कणीस खायचं थांबला होता. "हुकूम नीट दिला त्याने?"

"एकदाच. अगदी पुस्तकातल्यासारखा."

"आणि ईनॉक होता तिथे?"

"माझ्या शेजारीच होता."

"काहीच बोलला नाही?"

"नाही."

होजियाने माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तू रे, ज्युबल?"

"हुकूम होता, होजिया," मी म्हणालो.

त्याने उरलेलं कणीस खाली ठेवलं, कुबडी घेतली आणि घरी जायला निघाला. मी हात द्यायला पुढे झालो, तर नको म्हणाला.